सापाच्या तोंडी ‘कचरा’ लिहिला म्हणून नवा खेळ होत नाही

शाळेच्या प्रदर्शनात एक तक्ता हमखास दिसतो. असते सापशिडीच, पण शिडीच्या पायथ्याशी ‘झाड लावले’ आणि सापाच्या तोंडाशी ‘कचरा टाकला’ असं लिहिलेलं असतं. रंग सुरेख, अक्षर वळणदार, मुलांनी आठवडाभर खपून केलेलं. खेळायला बसलं की मात्र कळतं, झाड लावायचं की नाही हे खेळणारा ठरवतच नाही, फासा ठरवतो. चार पडले म्हणून झाड लागलं, पाच पडले म्हणून कचरा टाकला गेला. मुलांच्या नकळत तो पट सांगून जातो, की स्वच्छता ही नशिबाची गोष्ट आहे.

सापशिडी ज्यातून आली, त्या जुन्या मोक्षपटाचं तसं नव्हतं. परंपरा हा पट ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगते. त्यांनी ज्याच्या मुखातून वेद वदवल्याचं सांगतात, त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यातल्या राजुरीच्या शेजारीच, आळे गावी आहे. राजुरीच्या मुलांना ती सांगावी लागत नाही. मोक्षपटावर शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे आणि शेवटचं घर मोक्षाचं. खेळणाऱ्याच्या हाती दान टाकण्यापलीकडे काही नाही. मला वाटतं, त्या खेळाला म्हणायचंही तेच होतं: जीव चढतो, घसरतो, पुन्हा पहिल्यापासून चालू लागतो. तिथे नियम आणि अर्थ एकजीव होते. आपण अर्थ काढून टाकला, नियम तेवढे ठेवले आणि त्यावर वाटेल तो विषय चिकटवत राहिलो.

म्हणून या वर्षी गटप्रकल्प म्हणून पटखेळ करायचं ठरवलं असेल, तर सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा. पटाचा विषय चित्रांतून कमी आणि नियमांतून जास्त बोलतो. अमेरिकेत एलिझाबेथ मॅगी या बाईंनी १९०४ साली जमीनदारीवरच्या एका खेळाचं पेटंट घेतलं. पुढे त्यांनी एकाच पटासाठी दोन तऱ्हेचे नियम दिले. एका नियमाने खेळलं की एकजण गबर होतो आणि बाकीचे बुडतात. दुसऱ्याने खेळलं की संपत्ती वाढली की सगळ्यांना वाटा मिळतो. पट तोच, घरं तीच, सांगणं उलटं. आज आपण ज्याला मोनोपॉली म्हणून ओळखतो, तो खेळ या पहिल्या नियमांतून निघाला.

विषय शोधताना

‘पर्यावरण’, ‘पाणी वाचवा’, ‘आपला इतिहास’ हे विषय नव्हेत, ही पुस्तकातल्या धड्यांची नावं झाली. गावात फिरताना एवढंच विचारा: इथे कुणाला रोज दोन वाटांतली एक धरावी लागते, आणि कुठलीही धरली तरी काहीतरी हातचं जातं? जिथे असं निवडणं आहे, तिथे खेळ आहे.

जुन्नर तालुक्यात अशा जागा पावलोपावली आहेत. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो नेणाऱ्याला विचारा. आज तोडायचा, की भाव चढेल म्हणून दोन दिवस थांबायचं? २०२३ च्या जुलैत वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव मिळाला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात, भाव चढण्याआधी, राज्यातले शेतकरी टोमॅटो रस्त्यावर ओतत होते. घाटावरचा नाणेघाट घ्या. जुन्या व्यापारी वाटेवरची जकात, घाटमाथ्यावरचा तो दगडी रांजण, कल्याणकडून आलेला माल. कोणता माल किती बैलांवर लादायचा आणि जकात कुठे भरायची, हा अख्खा खेळ आहे. खोडदच्या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश मिळून एकच मोठा डोळा होतो. सगळ्यांनी मिळून जिंकायचा किंवा मिळून हरायचा खेळ करायचा असेल, तर यापेक्षा चांगला विषय मला सुचत नाही.

आणि कुकडी प्रकल्पाचं पाणी. माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे ही पाच धरणं पुस्तकात पाठ करायला लावतात. त्यापेक्षा पाचजण ओळीने बसा. वाडग्यात वीस चिंचोके घ्या. हे कालव्याच्या पाण्याचं एक आवर्तन. वाडगा पहिल्याकडून शेवटच्याकडे जाईल आणि जो तो आपल्याला हवे तेवढे चिंचोके उचलेल. कांद्याला तीन लागतात, उसाला सहा. उसाचे पैसे कांद्याच्या दुप्पट. पाणी पुरलं नाही तर पीक गेलं. प्रत्येक आवर्तनानंतर सगळ्यांनी एकेक जागा सरकायचं, म्हणजे हेडचा, कालव्याच्या सुरुवातीचा शेतकरी कधीतरी टेलला, शेवटाला येतो. दहा मिनिटांत तयार होणारा हा खेळ आहे. त्यात चित्र नाही, पट नाही, फासा नाही. तरी तिसऱ्या आवर्तनाला शेवटी बसलेला ओरडतो, आणि तो काय ओरडतो ते शब्दन् शब्द वहीत लिहून ठेवा. प्रकल्पाचा आशय तिथेच आहे. दुसऱ्या दिवशी एकच बदल करा: वाडगा फिरण्याआधी दोन मिनिटं बोलायची परवानगी द्या. खेळ कसा पालटतो ते बघा.

वाघबकरी आणि उसातला बिबट्या

एक उदाहरण शेवटपर्यंत नेतो, कारण खरी अडचण नेहमी मधल्या टप्प्यात येते आणि मार्गदर्शन तिथेच संपलेलं असतं.

वाघबकरी हा आपल्याकडचा जुना पट. देवळाच्या फरशीवर, पारावर खडूने रेघा ओढून खेळतात. एका प्रचलित प्रकारात तीन वाघ आणि पंधरा बकऱ्या असतात. नेपाळच्या बाघचालमध्ये चार वाघ आणि वीस बकऱ्या. वाघ उडी मारून बकरी खातो, बकऱ्या वाघाला कोंडतात. दोन बाजूंची ताकद वेगळी, चाली वेगळ्या, जिंकायची रीतही वेगळी. नवख्या गटाने अभ्यासायला याहून चांगला खेळ नाही.

आता राजुरीच्या शिवारात उभे राहा. इकडे बिबट्याला सर्रास वाघच म्हणतात, आणि तो डोंगरात नाही, उसात आहे. मादी उसात पिल्लं घालते. तोडणी सुरू झाली की फडात पिल्लं सापडतात, वनखात्याची माणसं येतात आणि संध्याकाळी पिल्लं त्याच जागी ठेवतात, म्हणजे आई त्यांना घेऊन जाते. माणिकडोहचं बिबट्या निवारण केंद्र या कामात असतं. शेतीपंपाची वीज रात्रपाळीला आली की पाणी धरायला अंधारातच जावं लागतं. जुन्या पटावर यातलं काहीच नाही. म्हणून तीन वाघांच्या जागी तीन बिबटे रंगवून भागणार नाही.

समजा पाचजणांच्या गटाने हा विषय घेतला. सहा बाय सहाचा पट आखला. एका अंगाला ऊस, मध्ये ओढा, दुसऱ्या अंगाला वस्ती आणि गोठे. एकजण बिबट्या, बाकीचे गावकरी. उसाच्या घरात असताना बिबट्याची सोंगटी पटावर दिसत नाही, तो आपली जागा गुपचूप कागदावर लिहितो. उसाबाहेर आला की सोंगटी ठेवावी लागते. एक फेरी म्हणजे एक महिना, अशा बारा फेऱ्या. तोडणीच्या महिन्यांत दर फेरीला उसाची घरं कमी होत जातात. गावकऱ्यांना दर फेरीला या चारांपैकी दोनच कामं करता येतात: गोठा बंदिस्त करणं, दिवा लावणं, पिकाला पाणी देणं, ऊस तोडणं.

पहिल्या चाचणीत काय होईल ते सांगतो. बिबट्या उसातून बाहेरच येणार नाही. का येईल? आत सुरक्षित आहे. बारा फेऱ्या सगळे नुसते बघत बसतील. इथे बहुतेक गट घाईने ‘बिबट्याने बाहेर आलंच पाहिजे’ असा नियम लिहितात. तो हुकूम झाला. खेळात हुकूम आला की तो लगेच खोटा वाटतो. त्याऐवजी विचारा, खरा बिबट्या बाहेर का येतो? भुकेने. मग दर तीन फेऱ्यांत त्याला एक शिकार हवीच, नाहीतर तो हरला. शिकार कशाची? इथे माहिती कामाला येते. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याचा आहार तपासला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वजनाच्या हिशेबाने जवळपास ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. म्हणजे पटावर शेळ्यांइतकीच कुत्री हवीत. कुत्री कुठे जमतात? उकिरड्यावर. मग उकिरड्याचं घर आलं, आणि गावकऱ्यांना पाचवं काम मिळालं: कचरा उचलणं. ते केलं तर बिबट्या वस्तीपासून लांब राहतो, पण तेवढ्या फेरीत पिकाला पाणी देता येत नाही. बघा, स्वच्छता पुन्हा आलीच, पण आता ती खेळणाऱ्याने स्वतः निवडली आणि तिची किंमतही मोजली.

पिंजऱ्याचा नियम असाच शोधून लिहावा लागेल. कुणीही म्हणेल, पकडून लांब सोडला की प्रश्न मिटला. जुन्नर परिसरातल्या नोंदींवरून अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवलं, की २००१ पासून बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याची मोहीम झाली आणि माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढले. हे तक्त्यावर लिहिलं तर वाचणारा पुढे जाईल. नियमात घाला: पिंजरा लावला की बिबट्या पटाच्या दुसऱ्या टोकाला जातो आणि तिथून पुढे त्याला एक चाल जास्त मिळते. खेळणारा दोनदा फसेल. तिसऱ्यांदा पिंजऱ्याकडे हात जाताना थबकेल, तेव्हा नियम पोचला असं समजा.

मग येतो सगळ्यात मोठा वाद: जिंकायचं कुणी? वाघबकरीत वाघ कोंडला की बकऱ्या जिंकतात. इथे बिबट्या मेला की गाव जिंकलं, असं ठेवायचं का? बारा महिन्यांत पिल्लं मोठी झाली तर बिबट्या जिंकला आणि गोठ्यातलं एकही जनावर न गमावता पीक घरात आलं तर गाव जिंकलं, असं ठेवलं तर दोघंही जिंकू शकतात. चालेल का? या वादाला एक अख्खा तास द्या. सर, बाई, तुम्ही मध्ये पडू नका.

एक गोष्ट मात्र मी ठामपणे सांगेन. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात बिबट्याने माणसं मारली आहेत, लहान मुलंही. तुमच्याच वर्गात अशा घरातलं कुणी असू शकेल. माणसाची सोंगटी खाल्ली जाणारा नियम करू नका, आणि तशी गंमतही पटावर नको. गावकऱ्यांची कामं आणि जनावरं एवढ्यावर खेळ पुरेसा ताणला जातो.

विचारायला कुणाकडे जायचं, हेही इथेच सांगतो. वनरक्षक, रात्री वाडा बसवणारे मेंढपाळ, ऊसतोड कामगार, रात्री पाणी धरणारे शेतकरी. ‘काय झालं?’ असं विचारलंत तर गोष्ट ऐकायला मिळेल, आणि ती ऐकावीच. पण खेळासाठी विचारा: ‘तेव्हा तुम्ही काय ठरवलं? दुसरं काय करता आलं असतं?’ या दोन उत्तरांतून चाली निघतात.

पुठ्ठा, चिंचोके आणि दान

साहित्यावर पैसे घालवू नका. लग्नपत्रिकांची मागची बाजू कोरी, जाड आणि एका मापाची असते. लग्नसराईनंतर घरोघरी गठ्ठे पडलेले असतात. त्यांची पत्ती करा. पट पुठ्ठ्यावर पेन्सिलीने आखा. सोंगट्यांना बाटल्यांची झाकणं, बटणं, खडे चालतात. तिसरी चाचणी होईपर्यंत रंगाची पेटी उघडायचीच नाही, हा नियम गटाने पाळावा. चित्र रंगवून झालं की ते घर पुसायला हात धजत नाही, मग खेळ चुकीचा असला तरी तोच रेटला जातो. गटात ज्याची चित्रकला चांगली त्याचं नुकसान यात सर्वात जास्त होतं, कारण त्याला पहिल्या दिवशीच रंगवायला बसवतात आणि खेळ बनवताना तो नसतोच.

दान टाकायला विकतचा फासाच हवा असं नाही. चल्लस-आठ या खेळात टाकतात तसे चार अर्धे चिंचोके घ्या. जेवढे पांढरे पडतील तेवढं दान. चारही पांढरे तर चार, चारही काळे तर आठ. दोन्ही बाजू सारख्याच पडतात असं धरलं तर सोळा शक्यता होतात. त्यांत दोनचं दान सहा वेळा, एकचं आणि तीनचं चार-चार वेळा, चार आणि आठ एकेकदाच. पण चिंचोका एका बाजूने फुगीर असतो, म्हणून तो हिशेबाने वागेलच असं नाही. शंभर वेळा टाका, नोंदी ठेवा, आलेख काढा. गणिताच्या बाईंना हा तक्ता दाखवलात तर प्रकल्पाचा एक भाग तिथेच पूर्ण होईल.

हे करायचं कारण असं: प्रत्येक साधनाचा स्वभाव वेगळा असतो. एका फाशावर सहाही दानं सारख्या संधीची. दोन फाशांची बेरीज सात होण्याच्या छत्तीसपैकी सहा वाटा, बारा होण्याची एकच. पाऊस कधी येईल याचा भरवसा नसेल तर एक फासा बरा. बाजारभाव बहुतेक वेळा मधल्या टापूत राहतो आणि क्वचित उसळतो असं दाखवायचं असेल तर दोन फासे घ्या. आणि नाणेघाटासारख्या विषयात माणसाचा डाव मोठा, नशीब लहान. तिथे दान अजिबात नको असंही ठरवता येईल.

खेळून बघणं

प्रकल्पाचा निम्मा वेळ इथे गेला पाहिजे. पहिल्यांदा गटाने आपसात खेळायचं, पण त्यात फारसं कळत नाही, कारण तुम्हाला नियम पाठ आहेत. खरी चाचणी दुसऱ्या वर्गातल्या मुलांवर. त्यांच्यापुढे पट आणि नियमांचा कागद ठेवा, आणि तुम्ही भिंतीला टेकून गप्प बसा. हाताने खूण करायची नाही, ‘अरे, तसं नाही’ म्हणायचं नाही. ती कुठे अडली, नियमांचा कागद किती वेळा उलटला, कुणी जांभई दिली, कुणी आपली पाळी नसताना उठून पटावर वाकलं, हे सगळं वेळेसकट टिपा. ज्या प्रश्नाचं उत्तर द्यायला तुमची जीभ वळवळली, तो नियम कागदावर नीट आलेला नाही.

एका चाचणीनंतर एकच नियम बदला. दोन बदललेत आणि खेळ सुधारला, तर कशामुळे सुधारला ते कधीच कळणार नाही. प्रत्येक बदल वहीत तारखेसह लिहा: आवृत्ती ३, बिबट्याची भूक तीन फेऱ्यांवरून चारवर, कारण तो सहाव्या फेरीतच हरत होता. पहिली चाल करणाऱ्यालाच फायदा होतो का, हे बघायला वीस डाव खेळा. वीसपैकी दहा-अकरा वेळा तो जिंकला तर ठीक. पंधरा वेळा जिंकला तर नियम दुरुस्त करा. आणि घड्याळ लावा. शाळेचा तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा. मांडामांड आणि आवराआवर धरून डाव तीस मिनिटांत संपला पाहिजे.

गटात मतभेद होणारच. एकाला ओढा ओलांडायला दोन चाली हव्या असतात, दुसऱ्याला एक. हात वर करून मतदान घेऊ नका. दोन्ही नियमांनी एकेक डाव खेळा आणि मग बोला. बहुतेक भांडणं तिथेच मिटतात. कामं वाटताना माहिती जमवणं, नियम लिहिणं, पट आखणं, चाचणीच्या नोंदी ठेवणं अशी वाटा, पण दर आठवड्याला फिरवा. नियम लिहिणारा कायम एकच राहिला की खेळ त्याच्या एकट्याचा होतो.

नियमांचा कागद एका पानाचा असावा. आधी जिंकायचं कसं, मग एका पाळीत काय करायचं, मग पट कसा मांडायचा आणि सर्वात शेवटी अपवाद. ‘खेळाडूने आपली सोंगटी मार्गक्रमित करावी’ असली भाषा नको. ‘सोंगटी एक घर पुढे सरकव’ एवढं पुरतं. एखाद्या आजी-आजोबांना तो कागद वाचायला द्या. त्यांनी लहानपणी खडूच्या रेघांवर पुष्कळ डाव जिंकलेले असतात, आणि कुठे पळवाट आहे हे ती माणसं चटकन दाखवतात.

शिक्षकांसाठी दोन शब्द. गुण पटाच्या रंगरूपाला देऊ नका, वहीला द्या: किती चाचण्या झाल्या, काय बदललं, का बदललं. ज्या गटाचा खेळ सातव्या आवृत्तीतही फसला पण का फसला हे ज्याला नेमकं सांगता येतं, त्या गटाने काम केलेलं आहे. २०२१ साली केंद्र सरकारने टॉयकॅथॉन ही खेळ आणि खेळणी घडवण्याची देशव्यापी स्पर्धा घेतली, त्यात विद्यार्थ्यांसाठी वेगळा विभाग होता. अशी संधी पुन्हा आली तर अर्जासोबत मांडायला ही वही तयार असेल. दुसऱ्याच्या खेळाची युक्ती वापरायला हरकत नाही. लपून चालणारा बिबट्या हीसुद्धा स्कॉटलंड यार्ड या १९८३ च्या जर्मन खेळातली जुनी युक्ती आहे. पण दुसऱ्याचं नाव, चित्रं आणि नियमांची वाक्यं उचलू नका, आणि युक्ती कुठून घेतली ते नियमांच्या कागदाखाली लिहा.

खेळ पुरा झाला की पट खताच्या धुतलेल्या गोणीच्या पाठीवर ऑइलपेंटने उतरवा. गुंडाळता येतो, पावसात भिजत नाही, पारावर अंथरता येतो. खोक्यात दोन चिंचोके जास्तीचे टाका, कारण हरवणार आहेतच. नियमांच्या दोन प्रती ठेवा. एक छोटी कोरी वही आणि सुतळीला बांधलेली पेन्सिलही ठेवा, आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा: ‘तुम्ही नियम बदलून खेळलात तर इथे लिहा.’ मग ते खोकं शाळेच्या वाचनालयात, खालच्या फळीवर, पाचवीच्या मुलांचा हात पोचेल असं ठेवा.